पाचशे काकू आणि एक वेगळं कुंकू

खो-खो खेळताना तुम्ही मध्यपाटीत उकिडवे बसलेले असता. नजर पळणाऱ्या गड्यावर. तेवढ्यात पाठीवर थाप पडते, ‘खो!’ असा आवाज येतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तुम्ही सुसाट सुटता. क्षणापूर्वी मांडीचे स्नायू जवळजवळ निवांत होते. आता त्यांना साखर हवी. भरपूर हवी, आणि आत्ताच्या आत्ता हवी! पोटातली पोळीभाजी पचून तिची साखर रक्तातून पायापर्यंत पोचेल, तोवर समोरचा गडी खांबाला वळसा घालून पसार झालेला असेल.

म्हणून स्नायू आपला साखरेचा साठा जवळच ठेवतात. ग्लुकोजचे हजारो रेणू एकाला एक जोडून तो फांद्याफांद्यांनी रचलेला असतो. त्याला म्हणतात ग्लायकोजेन. धावायची वेळ आली की त्याच्या टोकांवरचा एकेक ग्लुकोज सोडवून घ्यायचा. हे सोडवण्याचं काम फॉस्फोरिलेज नावाचं प्रथिन करतं. आता नवल बघा. हे फॉस्फोरिलेज तुम्ही बसलेले असतानाही स्नायूत हजर असतं. मग ते तेव्हाच साठा संपवून का टाकत नाही? आणि ‘खो’ मिळाल्याबरोबर त्याला कोण सांगतं, की चल, लाग कामाला?

हा प्रश्न १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात दोन मित्रांना पडला होता. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर अशी त्यांची नावं. सशाच्या स्नायूंचा अर्क काढून ते त्यातलं फॉस्फोरिलेज वेगळं करत असत. त्यांच्या आधी गर्टी आणि कार्ल कोरी या शास्त्रज्ञ जोडप्याने दाखवलं होतं, की फॉस्फोरिलेजची दोन रूपं असतात, एक कामसू आणि एक निवांत. कोरींच्या पद्धतीत अर्क गाळणकागदातून गाळायचा असे. क्रेब्स आणि फिशर यांनी कागदाऐवजी सेंट्रिफ्यूज वापरलं, म्हणजे अर्क गरागरा फिरवून गाळ तळाशी बसवला. तर काय, त्यांच्या हाती फक्त निवांत रूप आलं! पुन्हा कागदातून गाळून पाहिलं, तर कामसू रूप परत हजर.

गाळणकागद काय जादू करत असेल? तुम्ही असता तर काय केलं असतं, एक मिनिट विचार करा. त्या दोघांनी गाळणकागद आधी नीट धुऊन घेतला आणि मग वापरला. जादू बंद! म्हणजे कागदातच काहीतरी होतं. ते निघालं कॅल्शियम, तेही अगदी चिमूटभर. आणि इथे माझ्या अंगावर दरवेळी रोमांच उभे राहतात, कारण तुमच्या मांडीतही हेच घडत असतं. मेंदूकडून ‘धाव’ असा निरोप आला, की स्नायूंच्या पेशींमध्ये साठवलेलं कॅल्शियम एकदम मोकळं होतं. त्याने स्नायू आखडतात, आणि त्याच कॅल्शियममुळे फॉस्फोरिलेजला जागं करणारं दुसरं एक प्रथिन कामाला लागतं.

हे दुसरं प्रथिन नेमकं काय करतं? ते एक फॉस्फेट उचलतं आणि फॉस्फोरिलेजवर लावतं. फॉस्फेट म्हणजे फॉस्फरसचा एक अणू आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे अणू. फॉस्फोरिलेज आठशेहून जास्त अमिनो आम्लांच्या माळेचं बनलेलं असतं. त्यातलं फक्त चौदावं अमिनो आम्ल, सेरीन नावाचं, त्यावर हे फॉस्फेट बसतं. एवढ्या मोठ्या प्रथिनावर एवढासा ठिपका! पण फॉस्फेटवर ऋण विद्युतप्रभार असतो. तो आजूबाजूच्या अणूंना ओढतो, ढकलतो. प्रथिनाची घडी बदलते आणि ते साखर सोडवायला तयार होतं. काम झालं की आणखी एक प्रथिन येऊन ते फॉस्फेट काढून टाकतं. फॉस्फेट लावलं की चालू, काढलं की बंद. (काही प्रथिनांत याच्या उलटही असतं बरं का. लावलं की बंद!)

फिशर आणि क्रेब्स यांनी हे १९५५ च्या सुमारास शोधून काढलं. नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं १९९२ मध्ये. इतकी वर्षं का लागली असतील? सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हा साखर तोडण्यापुरता एक छोटासा प्रकार आहे. पण पुढे जिकडे पाहावं तिकडे तोच प्रकार दिसायला लागला. पेशीने वाढायचं कधी, दोन व्हायचं कधी, मेंदूतल्या पेशींनी एखादी गोष्ट लक्षात ठेवायची कशी, या सगळ्यात फॉस्फेट लावणं आणि काढणं आहेच.

फॉस्फेट लावणाऱ्या अशा प्रथिनांना म्हणतात किनेज. ती विकरं आहेत, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. मग किनेज फॉस्फेट आणतं कुठून? एटीपी नावाच्या रेणूतून. हे नाव तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात श्वसनाच्या धड्यात येतं किंवा पुढे येईल. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी एटीपी शोधलं. त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. सुब्बाराव आपल्या देशातले. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले. त्यांचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. जमल्यास त्यांच्याविषयी शाळेच्या वाचनालयात शोधा.

एटीपीचा आकार नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी युक्ती त्यावर आहे. त्याचं डोकं म्हणजे अ‍ॅडेनिन, नायट्रोजन आणि कार्बनची दोन कडी एकमेकांना चिकटलेली. मान म्हणजे रायबोज नावाची एक साखर. आणि शेपूट म्हणजे ओळीने लावलेली तीन फॉस्फेटं. किनेजमध्ये एक खोल खाच असते. एटीपी त्या खाचेत डोकं खुपसून बसतं. शेपटीचं टोक बाहेरच्या बाजूला असतं. मग किनेज शेपटीचं शेवटचं फॉस्फेट काढून समोर आलेल्या प्रथिनावर लावतं. उरलेला भाग बाहेर पडतो आणि पेशी त्यावर नवं फॉस्फेट चढवून पुन्हा एटीपी करते. हे इतक्या वेळा होतं, की माणूस दिवसभरात अंदाजे स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो!

आता खरी अडचण ऐका. माणसाच्या सगळ्या जनुकांची यादी वाचून झाल्यावर शास्त्रज्ञांनी २००२ साली किनेजं मोजली. ती भरली ५१८. आणि ही जवळजवळ सगळी फॉस्फेट घेतात ते एटीपीकडूनच.

अशी कल्पना करा, की संक्रांतीचं मोठ्ठं हळदीकुंकू आहे. पाचशे काकू एकाच घरात आहेत आणि सगळ्यांनी कुंकू घेतलंय एकाच करंड्यातून. हजारो बायका येतायत, कपाळाला कुंकू लावून घेतायत आणि बाहेर पडतायत. तुम्ही दाराबाहेर उभे. आत जायची परवानगी नाही. आता सांगा, त्यातल्या सुमनकाकूंनी कुणाकुणाला कुंकू लावलं? कपाळं बघून कसं सांगणार? सगळ्यांचं कुंकू सारखंच!

पेशीच्या बाबतीत शास्त्रज्ञ असेच दाराबाहेर उभे होते. कुठल्या प्रथिनावर फॉस्फेट लागलंय, हे त्यांना ओळखता येत होतं. त्यासाठी ते एटीपीच्या शेवटच्या फॉस्फेटात साध्या फॉस्फरसच्या जागी किरणोत्सारी फॉस्फरस घालत. असं फॉस्फेट ज्या प्रथिनावर बसेल, त्याचा फोटोच्या फिल्मवर काळा ठिपका उमटतो. हा फॉस्फरस साधारण १४ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे काम झटपट आटपावं लागतं. पण ठिपका दिसला तरी तो कुणी लावला, ते मात्र कळत नसे. हे किरणोत्सारी एटीपी जवळजवळ सगळीच किनेजं आनंदाने वापरतात.

पण नुसतं ‘कुणी लावलं’ हे जाणून घ्यायची एवढी निकड कशाला? त्यासाठी एका कोंबडीची गोष्ट सांगायला हवी.

१९०९ साली न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस या डॉक्टरांकडे एक कोंबडी आली. तिच्या छातीवर गाठ होती, कर्करोगाची. राऊस यांनी ती गाठ वाटून तिचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की पेशी सोडाच, जिवाणूसुद्धा त्यातून जाऊ नयेत. तो अर्क त्यांनी दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ झाली! म्हणजे त्या अर्कात जिवाणूहूनही लहान असं काहीतरी होतं. तो होता विषाणू. १९११ मध्ये त्यांनी हे छापलं, तेव्हा फार लोकांना ते पटलं नाही. नोबेल मिळालं १९६६ मध्ये, तेव्हा राऊस ८७ वर्षांचे होते.

पुढे त्या विषाणूतलं गाठ करणारं जनुक सापडलं. त्याचं नाव सार्क. १९७६ मध्ये मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे जनुक मुळात विषाणूचं नाहीच. ते कोंबडीच्या पेशीतलं, त्या विषाणूने कधीतरी उचललेलं! आणि सार्क जे प्रथिन बनवतं, ते काय असावं? बरोबर ओळखलंत. किनेज.

हे किनेज मात्र जरा निराळं निघालं. तोवर सगळ्यांना माहीत होतं, की किनेजं फॉस्फेट लावतात ते सेरीन किंवा थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत टोनी हंटर दुसऱ्या एका विषाणूवर काम करत होते. फॉस्फेट लागलेली अमिनो आम्लं वेगळी करायला ती एका पातळ थरावर ठेवून विजेने सरकवायची असतात, आणि त्यासाठी एक आम्लधर्मी द्रावण लागतं. हंटर यांनी त्या दिवशी ताजं द्रावण केलं नाही, जुनंच वापरलं. जुनं होऊन त्याचा सामू १.९ वरून १.७ वर उतरला होता. एवढ्याशा फरकाने थ्रिओनिनच्या जागी दिसणाऱ्या ठिपक्याजवळ आणखी एक ठिपका वेगळा झाला. तो होता टायरोसीन या तिसऱ्याच अमिनो आम्लाचा. ताज्या द्रावणात हे दोन्ही ठिपके एकमेकांवर बसतात, म्हणून तोवर कुणाला दिसले नव्हते. मग सार्कही टायरोसीनवरच फॉस्फेट लावतं, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवकरच दाखवलं.

गाळणकागदातलं कॅल्शियम आणि हे शिळं द्रावण, दोन्ही गोष्टी मला फार आवडतात. ‘काहीतरी चुकलं’ म्हणून दोन्ही प्रयोग फेकून देता आले असते. पण या माणसांनी थांबून विचारलं, असं का झालं?

तर सार्क टायरोसीनवर फॉस्फेट लावतं, आणि ते बेफाम सुटलं की पेशी वाढतच राहतात. साहजिकच पुढचा प्रश्न आला, सार्क पेशीतल्या कुठल्या कुठल्या प्रथिनांवर फॉस्फेट लावतं? ते कळलं तर गाठ कशी होते, ते कळेल. आणि इथेच सगळे अडले. सार्क पेशीत घातलं की शेकडो ठिपके दिसत. त्यातले काही सार्कने स्वतः लावलेले. बाकीचे? सार्कने दुसऱ्या किनेजला जागं केलं, त्याने तिसऱ्याला, आणि मग त्या सगळ्यांनी मिळून लावलेले!

१९९० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठात केवन शोकॅट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने यावर तोड काढली. तोड इतकी सुंदर आहे, की सावकाश वाचा.

सगळ्या काकूंसाठी कुंकू एकच असेल, तर आपण वेगळं कुंकू बनवायचं. असं कुंकू, की ते कुठल्याच काकूंना उचलता येणार नाही. मग एकट्या सुमनकाकूंची बोटं थोडी बदलायची, म्हणजे त्यांना ते उचलता येईल. आता बाहेर पडणाऱ्या ज्या ज्या कपाळावर हे वेगळं कुंकू दिसेल, ते सुमनकाकूंनीच लावलेलं! दुसऱ्या कुणाला ते जमणारच नाही.

रसायनशास्त्रात हे असं केलं. एटीपीच्या डोक्यावर, म्हणजे अ‍ॅडेनिनच्या एका नायट्रोजनवर, पाच कार्बन अणूंचं एक जादा कडं जोडलं. आता हे फुगीर डोक्याचं एटीपी कुठल्याही किनेजच्या खाचेत शिरेना. खाच डोक्याला बरोबर बसेल अशीच असते, वर फुगवटा आला की तो भिंतीवर आपटतो. निसर्गातल्या कुठल्याच पेशीत हा रेणू नसतो, म्हणून कुठल्याच किनेजला त्याच्यासाठी जागा करायची गरज पडली नव्हती.

मग वळले सार्ककडे. तो फुगवटा सार्कच्या खाचेत नेमका कुठे आपटतो, ते पाहिलं. तिथे, माळेतल्या ३३८ व्या जागी, आयसोल्युसीन नावाचं अमिनो आम्ल बसलेलं होतं. त्याला चार कार्बन अणूंचा तुरा असतो, आणि तो वाटेत येत होता. त्याच्या जागी अ‍ॅलानिन बसवलं. अ‍ॅलानिनचा तुरा एकाच कार्बन अणूचा. झाली जागा! प्रथिनात असा बदल करायला चिमटा घेऊन बसावं लागत नाही. प्रथिन कसं बनवायचं ते जनुकात लिहिलेलं असतं. जनुकात तेवढी अक्षरं बदलायची आणि ते जनुक जिवाणूंना द्यायचं. जिवाणू बदललेलं प्रथिन बनवून देतात.

कविता शाह, यी लिऊ, कॅरोलिन डेरमेंजियन आणि केवन शोकॅट या चौघांनी १९९७ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. फुगीर एटीपीत किरणोत्सारी फॉस्फरस घातलेला होता. साधं सार्क त्याला हात लावेना. बदललेलं सार्क मात्र ते वापरून प्रथिनांवर फॉस्फेट लावू लागलं. आणि खाच रुंद केली म्हणून ते भलत्याच प्रथिनांवर फॉस्फेट लावत सुटलं का? नाही. ज्या प्रथिनावर फॉस्फेट लावायचं ते पकडायची जागा खाचेपासून वेगळी असते, ती जशीच्या तशी होती. म्हणून बदललेलं सार्क लावेल तिथेच मूळचं सार्कही लावतं, असा विश्वास धरता आला.

यातही एक भाग्याची गोष्ट होती. ज्या जागी सार्कमध्ये आयसोल्युसीन आहे, तिथे बहुसंख्य किनेजांमध्ये मोठा तुरा असलेलंच अमिनो आम्ल असतं. शास्त्रज्ञ त्या जागेला द्वारपाल म्हणतात. म्हणजे ही युक्ती एकट्या सार्कपुरती नव्हती. कुठलंही किनेज घ्या, द्वारपालाच्या जागी लहान अमिनो आम्ल बसवा, फुगीर एटीपी द्या आणि विचारा, तू कुणावर फॉस्फेट लावतोस?

एक उदाहरण बघा. पावाच्या बेकरीत पीठ फुगवायला यीस्ट घालतात, ते पाहिलंय ना? त्या यीस्टच्या पेशीला एक कोंब फुटतो, तो वाढतो आणि सुटून वेगळी पेशी होते. पोषक पाण्यात यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं. हे दोन होण्याचं काम सीडीके-१ नावाच्या एका किनेजच्या हुकमाने चालतं. हुकूम जातो कुणाकुणाला? २००३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या शास्त्रज्ञांनी (शोकॅट तोवर तिथे गेले होते, आणि डेव्हिड मॉर्गन यांचा गटही सोबत होता) सीडीके-१ चा द्वारपाल बदलला, यीस्टच्या अर्कात ते बदललेलं किनेज आणि फुगीर एटीपी घातलं आणि सुमारे २०० प्रथिनं शोधून काढली. अर्कात यीस्टची बाकीची किनेजं होतीच, पण त्यांना ते एटीपी वापरताच येईना. एका पेशीच्या दोन पेशी होताना एकटं सीडीके-१ सुमारे दोनशे प्रथिनांवर फॉस्फेट लावत फिरतं, हे तोवर कुणी असं पाहिलं नव्हतं.

आतापर्यंत आपण एटीपीच्या डोक्याशी खेळलो. शेपटीशीही खेळता येतं!

किरणोत्सारी ठिपका दिसतो, पण हाताला लागत नाही. हजारो प्रथिनांच्या गर्दीतून फॉस्फेट लागलेलं प्रथिन उचलून घ्यायचं तर त्याला धरायला काहीतरी हवं. म्हणून शेवटच्या फॉस्फेटातला ऑक्सिजनचा एक अणू काढून तिथे गंधकाचा अणू बसवला. ऑक्सिजन आणि गंधक आवर्तसारणीत एकाखाली एक असतात, स्वभावाने चुलत भाऊच. त्यामुळे किनेजला हे फॉस्फेट चालतं. ते प्रथिनावर लागलं, की गंधकाला चिकटणारं एक रसायन घालायचं. पण प्रथिनांत गंधक मुळातही असतो, तिथेही ते रसायन चिकटणार. मग काय करायचं? शोकॅट यांच्या गटाने २००७ मध्ये असं प्रतिपिंड तयार करून वापरलं, जे फक्त फॉस्फेटवरच्या गंधकाला चिकटलेलं रसायन ओळखतं, दुसरीकडचं ओळखत नाही. लस टोचल्यावर तुमच्या रक्तात रोगजंतू ओळखणारी प्रतिपिंडं तयार होतात ना, त्याच जातीचं हे प्रथिन. ते प्रतिपिंड त्या प्रथिनाला धरतं आणि अर्कातून ओढून काढतं. डोक्यावर फुगवटा आणि शेपटीत गंधक, असे दोन्ही बदल एकाच एटीपीत केले, म्हणजे ‘कुणी लावलं’ तेही कळतं आणि ‘कुणाला लावलं’ ते हातातही येतं.

त्याच वर्षी डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मेरी के फ्लम यांच्या प्रयोगशाळेत याहून धाडसी गोष्ट करून पाहिली गेली. त्यांनी एटीपीच्या शेपटीच्या टोकाला, मध्ये एक लांब दुवा घालून, चक्क बायोटिन जोडलं. बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व आहे. किनेज एवढं लांब शेपूट कसं सहन करेल, असं कुणालाही वाटेल. पण शेपटीचं टोक खाचेच्या बाहेरच्या बाजूला असतं, हे मघाशी वाचलंत ते आठवा. तिथे मोकळी जागा होती! किनेजने फॉस्फेट लावलं आणि त्याला लटकलेलं बायोटिनही प्रथिनावर येऊन बसलं.

बायोटिनच का? कारण त्याला घट्ट धरणारी प्रथिनं निसर्गातच आहेत. अंड्याच्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन असतं. ते बायोटिनला इतकं पक्कं धरतं, की कच्ची अंडी रोजच्या रोज खूप खाल्ली तर शरीराला बायोटिन कमी पडू शकतं. अंडं शिजवलं की अ‍ॅव्हिडिनची घडी मोडते आणि धोका टळतो. अ‍ॅव्हिडिनसारखंच एक प्रथिन मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंत असतं, स्ट्रेप्टाव्हिडिन. प्रयोगशाळेत बारीक मण्यांवर ते चढवून ठेवतात. अर्कात मणी टाकले की बायोटिन लागलेली प्रथिनं येऊन चिकटतात. मणी धुवायचे, बाकीचं वाहून जातं. या पद्धतीत किनेजची खाच बदलावी लागत नाही. म्हणून ‘एकट्या सुमनकाकूंनी कुणाला लावलं’ हे ती आपोआप सांगत नाही, पण कुंकू लागलेल्या सगळ्या जणी मात्र एका जागी गोळा करून देते. प्रश्न वेगळा, तर साधनही वेगळं.

या रेणूंनाही अडथळे आहेतच. एटीपीच्या शेपटीवर बराच ऋण प्रभार असतो आणि पेशीच्या भोवतीचं तेलकट पटल अशा रेणूला आत सोडत नाही. त्यामुळे बदललेलं एटीपी एक तर पेशी फोडून काढलेल्या अर्कात वापरतात, नाहीतर पेशीच्या पटलाला रसायनाने बारीक भोकं पाडून आत सोडतात. धडधाकट, अख्ख्या पेशीत ते गुपचूप कसं पाठवायचं, ही सोपी गोष्ट नाही.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं घरी कुणी विचारलं तर त्यांना इमॅटिनिबबद्दल सांगा. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक किनेज कायमचं चालू राहतं. इमॅटिनिब हे औषध त्याच्या खाचेत, एटीपीच्या जागी जाऊन बसतं आणि त्याला बंद पाडतं. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि ज्या आजारात पूर्वी माणसं काही वर्षांत जात, त्यात ती आता गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगतात. काही रुग्णांत मात्र हे औषध चालेनासं होतं. का? काही वेळा त्या किनेजचा द्वारपाल बदललेला असतो! लहान तुऱ्याच्या जागी मोठा तुरा येतो आणि औषधाला आत शिरता येत नाही. मग त्याला चुकवून आत बसतील अशी नवी औषधं बनवावी लागतात, आणि ती बनवलीही गेली आहेत.

सार्क आणि सीडीके-१ यांच्याविषयी आज पुष्कळ माहिती आहे. पण ५१८ किनेजांची यादी काढून बसलात, तर त्यात कितीतरी नावं अशी सापडतील, की ती कुठल्या प्रथिनांवर फॉस्फेट लावतात आणि कशासाठी, हे अजून जगात कुणालाच नीट माहीत नाही. पुढे रसायनशास्त्र शिकलात किंवा जीवशास्त्र, त्यातलं एखादं नाव निवडून ठेवा. आणि तोवर एक काम करा. एटीपीचं चित्र वहीत काढा, त्याचं डोकं, मान, शेपूट रंगवा, आणि यात कुठला अणू बदलून पाहाल आणि का, ते चित्राखाली लिहून आम्हाला पाठवा.